साखळी सैल, जीव टांगणीला

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. काही तासांत श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडकडच्या वाड्या आडव्या झाल्या. दक्षिणेला दापोली-मंडणगडपर्यंत त्याचा तडाखा बसला. माड, पोफळी, आंबे, फणस, जे दोन-दोन पिढ्यांनी जोपासले होते, ते रस्त्यावर, विहिरीवर, गोठ्यावर आणि घरांच्या कौलांवर येऊन पडले. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, 'तौक्ते' वादळ किनाऱ्याला घासून वर गुजरातकडे गेले आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बागांनाही तोच अनुभव आला. ओडिशाने २०१९ साली 'फनी'त आणि कोलकात्याने २०२० साली 'अम्फान'मध्ये हेच पाहिले होते.

अशा वेळी कोयता आणि कुऱ्हाड पुरी पडत नाही. रस्ता मोकळा करायला आलेल्या पथकांच्या हातात पेट्रोलवर चालणारी करवत दिसते. कोणी तिला 'चेन सॉ' म्हणते, कोणी 'कटर', तर कोणी नुसतेच 'मशीन'. दोन माणसांनी दिवसभर खपून कापायचा बुंधा ती काही मिनिटांत कापते. हे डोळ्यांनी पाहिल्यावर बागायतदाराला वाटते, आपल्या पडवीतही असे एक यंत्र असावे. आणि मग ते येते.

दुकानदार ते सुरू कसे करायचे हे दाखवून देतो. सोबत एक पुस्तिका मिळते, ती बहुधा इंग्रजीत असते आणि पहिल्याच पावसाळ्यात कुठेतरी हरवते. मग यंत्र चालते ते अंदाजाने.

कोकणातल्या एखाद्या वाडीतला प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. रात्रीच्या वाऱ्याने माड गोठ्यावर कलंडला आहे. पुतण्या मशीन घेऊन अंगणात येतो, पेट्रोल भरतो आणि दोरी ओढायला वाकतो. ओटीवरचे काका विचारतात, "बाबू, साखळी बघितलीस का रे?"

"काका, गेल्या महिन्यात चालवली होती की. चांगली चालते."

"गेल्या महिन्यात कोयता पण चांगला चालत होता. म्हणून आज सकाळी पाजवला नाहीस का?"

पुतण्या हसतो. पण काकांचा प्रश्न बिनतोड आहे. कोकणातला कोणताही गडी कोयता पाजवल्याशिवाय वाडीत उतरत नाही. दगडावर दोन हात फिरवणे ही त्याची रोजची सवय. मात्र कोयत्याच्या कितीतरी पटींनी जोरकस आणि कितीतरी पटींनी धोक्याचे हे यंत्र महिनोन् महिने कोणी उलगडून पाहत नाही. चेन सॉचे अपघात इंजिनामुळे क्वचित होतात. ते होतात साखळीमुळे, आणि साखळी नीट ठेवणे हे पाच-दहा मिनिटांचे काम आहे.

साखळी म्हणजे काय?

या करवतीत लांबट, चपटी पोलादी पट्टी असते. तिला कारागीर 'बार' म्हणतात. बारच्या कडेने खोल खाच असते आणि त्या खाचेतून साखळी धावते. साखळीच्या खालच्या बाजूला टोकदार कड्या असतात, त्या खाचेत बसतात आणि इंजिनाजवळच्या दातेरी चाकात अडकतात. हे चाक म्हणजे स्प्रॉकेट. ते फिरले की साखळी फिरते. वरच्या बाजूला दात असतात, एक डाव्या अंगाचा, एक उजव्या अंगाचा, असे आलटूनपालटून.

घरगुती वापराच्या मध्यम, १८ इंची बारवर साधारण ३६ दात असतात. इंजिन पूर्ण वेगात असताना ही साखळी सेकंदाला वीस मीटरच्या आसपास धावते, म्हणजे ताशी सत्तर किलोमीटर. हिशेब केला तर लाकडाच्या एकाच ठिकाणावरून एका सेकंदात सहाशे दात जातात. या वेगाची साखळी बारवरून निसटली तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

आजच्या साखळीच्या दाताची गोष्टही ऐकण्याजोगी आहे. जुन्या साखळ्यांचे दात साध्या करवतीसारखे ओरखडत कापायचे. ते लवकर बोथट व्हायचे आणि त्यांना धार लावणे म्हणजे डोकेदुखी असायची. अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या १९४६ साली जंगलात काम करत असताना त्याला एका ओंडक्यात भुंग्याची अळी दिसली. बोटाएवढी ती अळी लाकडाच्या रेषांना आडवी आणि उभी अशी दोन्हीकडून सहज वाट काढत होती. कॉक्सने तिचा जबडा निरखून पाहिला. तो डावीकडे-उजवीकडे हलत होता. त्याने घरी जाऊन त्याच धर्तीवर पोलादी दात घडवले. १९४७ साली त्याने या साखळीचा धंदा सुरू केला. आज जगभरच्या चेन सॉवर दिसणारा वाकडा, आकडीसारखा दात म्हणजे त्या अळीच्या जबड्याची नक्कलच!

म्हणून हा दात कोयत्यासारखा घाव घालत नाही आणि साध्या करवतीसारखा घासतही नाही. तो रंध्याच्या पात्यासारखा लाकडाची पातळ ढलपी सोलून काढतो. हे एकदा ध्यानात आले की पुढची सगळी निगा आपोआप समजते.

ताण किती असावा?

सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित भाग म्हणजे साखळीचा ताण. साखळी सैल असेल तर ती बारवरून उतरते. मग ती तुटून मागे हाताकडे किंवा मांडीकडे येऊ शकते. फार घट्ट असेल तर बार आणि साखळी घासून तापतात, स्प्रॉकेट झिजते आणि इंजिनावर विनाकारण भार येतो. दोन्ही वाईटच.

ताण तपासण्याआधी चार गोष्टी कराव्यात. इंजिन बंद करावे. स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवावी, म्हणजे यंत्र चुकूनही सुरू होणार नाही. साखळी गार होऊ द्यावी. आणि हातात जाड मोजे घालावेत, कारण बंद साखळीही बोट कापते.

आता साखळी पाहावी. ती बारच्या खालच्या कडेपासून सुटून लोंबत असेल तर सैल आहे हे उघड आहे. लोंबत नसेल तरी तिला बारच्या मधोमध चिमटीत धरून हलकेच ओढावे. ती थोडी उचलली गेली पाहिजे, पण खालच्या टोकदार कड्या खाचेतून पूर्ण बाहेर येता कामा नयेत. सोडताच ती चटकन जागेवर बसली पाहिजे. मग साखळीचा ब्रेक सोडून, मोजे घातलेल्या हाताने ती बारवरून पुढे ओढून पाहावी. ती अडखळल्याशिवाय फिरली पाहिजे. खालून लोंबत नाही आणि हाताने मोकळी फिरते, हा योग्य ताण.

ताण जमवण्याची रीत अशी. बार ज्या झाकणाआड बसवलेला असतो, त्या झाकणावर बहुधा दोन नट असतात. यंत्रासोबत मिळालेल्या पान्याने ते थोडे सैल करावेत. पूर्ण काढायचे नाहीत, फक्त बार हाताने हलेल इतके. नटांच्या आसपास, किंवा समोरच्या बाजूला लाकडाला टेकायच्या काट्यांजवळ, एक छोटा स्क्रू असतो. तोच ताण देणारा स्क्रू. एका हाताने बारचे टोक वर उचलून धरावे आणि दुसऱ्या हाताने हा स्क्रू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत जावे. साखळी खालून बारला टेकली की थांबावे.

इथेच बहुतेक जण चुकतात. टोक सोडून देतात आणि मग नट आवळतात. बार खाली बसतो, साखळी पुन्हा सैल पडते आणि दहा मिनिटांनी तीच तक्रार. टोक वर उचललेलेच ठेवून नट घट्ट करायचे, ही यातली खरी मेख. नट आवळल्यावर साखळी पुन्हा एकदा हाताने फिरवून खात्री करावी. काही नव्या यंत्रांत पान्याऐवजी हाताने फिरवायचे चाक असते. तिथेही नियम हाच.

गरम साखळीची फसवणूक

पोलाद तापले की लांबते. अर्धा तास काम केल्यावर सकाळी नीट बसवलेली साखळी लोंबायला लागते, ती यामुळेच. कामाच्या भरात माणूस तिथल्या तिथे ती आवळून घेतो आणि पुढे चालू लागतो. संध्याकाळी यंत्र तसेच पडवीत टांगले जाते. रात्री साखळी गार होऊन आक्रसते आणि बार, स्प्रॉकेट, इंजिनाचा दांडा आणि त्याचे बेअरिंग या सगळ्यांवर तिचा ताण येतो.

म्हणून शक्यतो साखळी गार झाल्यावरच ताण द्यावा. गरम असताना आवळावीच लागली तर काम संपताच ती सैल करून ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नव्याने ताण द्यावा.

नवी साखळी तर आणखी लक्ष मागते. तिच्या खिळ्यांची जागा बसेपर्यंत ती सुरुवातीला भराभर लांबते. पहिल्या अर्ध्या तासात दर थोड्या वेळाने थांबून ताण पाहावा. त्या काळात लहान फांद्या कापाव्यात, मोठ्या बुंध्याला हात घालू नये. नवी साखळी बसवण्याआधी रात्रभर साखळीच्या तेलात बुडवून ठेवली तर उत्तम.

साखळी बदलताना एक चूक अनुभवी माणसाकडूनही होते. साखळी उलटी बसते. बारच्या वरच्या कडेवर दातांची धारेची बाजू टोकाकडे पाहत असली पाहिजे. उलटी बसलेली साखळी कितीही धारदार असली तरी लाकडावर नुसती घासते आणि धूर काढते. नवी साखळी विकत घेतानाही जुनी सोबत न्यावी. कड्यांची संख्या, दोन कड्यांमधले अंतर आणि खाचेत बसणाऱ्या भागाची जाडी, या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. बारच्या बुडाशी त्या बहुधा कोरलेल्या असतात.

भुसा सांगतो धारेची गोष्ट

धार गेली की नाही हे कळण्यासाठी दाताला बोट लावायची गरज नाही. खाली पडलेल्या भुशाकडे पाहावे. धारदार साखळी जाडसर ढलप्या उडवते. बोथट साखळी पिठासारखी बारीक भुकटी पाडते.

दुसरी खूण म्हणजे यंत्र दाबावे लागते. धारदार करवत लाकडात स्वतःच्या वजनाने उतरते. ती दाबावी लागत असेल तर थांबायची वेळ झाली आहे. तिसरी खूण, काप सरळ न जाता एका बाजूला वळतो. त्याचा अर्थ डाव्या आणि उजव्या अंगाचे दात सारखे राहिलेले नाहीत.

बोथट साखळी धारदार साखळीपेक्षा जास्त धोक्याची, हे वाक्य ऐकायला विचित्र वाटते. पण ते खरे आहे. बोथट साखळीला माणूस अंगाचा भार देतो. लाकूड अचानक तुटले की तो भार कुठे जायचा? तोल सुटतो आणि यंत्र पायाकडे येते. हात दमतात, पकड ढिली होते आणि दमलेल्या हातातले यंत्र काबूत राहत नाही.

माडाचे लाकूड धारेची खास परीक्षा घेते. त्याची बाहेरची कड फार कठीण, आत मात्र मऊ. शिवाय किनाऱ्यालगत पडलेल्या बुंध्याला वाळू चिकटलेली असते. वाळूवरून एकदा साखळी गेली की धार गेलीच म्हणून समजावे. बुंधा आधी झाडून, जमल्यास पाण्याने धुऊन घ्यावा. जमिनीला टेकलेला बुंधा आरपार कापू नये. वरून बराचसा कापावा, मग तो पालथा करून उरलेला काप पुरा करावा. वाडीतल्या जुन्या झाडांत कपडे वाळत घालायच्या तारा आणि खिळे रुतलेले असतात. तेही आधी पाहून घ्यावेत.

कानस कशी चालवावी?

धार लावायला गोल कानस लागते. तिची जाडी साखळीप्रमाणे ठरते. हलक्या घरगुती यंत्रांच्या साखळीला साधारण ४ मिलिमीटरची, मध्यम यंत्रांना ४.८ मिलिमीटरची आणि मोठ्या यंत्रांना साडेपाच मिलिमीटरची कानस चालते. नेमका आकार साखळीच्या डबीवर किंवा पुस्तिकेत असतो. चुकीच्या जाडीच्या कानशीने दाताचा आकारच बिघडतो.

बार शेगड्यात किंवा दोन फळ्यांमध्ये पक्का धरावा. साखळीचा ब्रेक लावावा. पहिला दात ओळखण्यासाठी त्यावर खडूची खूण करावी, नाहीतर कुठून सुरुवात केली ते विसरायला होते. मग कानस दाताच्या आतल्या बाजूने बाहेरच्या बाजूला ढकलावी. कानशीचा साधारण पाचवा भाग दाताच्या वर दिसला पाहिजे. बहुतेक साखळ्यांना कोन ३० अंशांचा असतो. दाताच्या वरच्या बाजूला त्या कोनाची बारीक रेघ कोरलेली असते, तिच्या समांतर कानस चालवावी.

कानस फक्त पुढे जाताना कापते. मागे आणताना ती उचलून आणावी. मागे-पुढे घासत बसले तर कानस जाते आणि दातही बिघडतो. दोन-तीन हात मारले की पुरे. आधी एका अंगाचे सगळे दात करावेत, मग यंत्र फिरवून दुसऱ्या अंगाचे. प्रत्येक दाताला मोजून तितकेच हात द्यावेत. एखादा दात खिळ्यावर आपटून जास्तच तुटला असेल, तर बाकीचे सगळे त्याच्याएवढे आखूड करावे लागतात. ऐकायला वाया घालवल्यासारखे वाटते, पण लांब-आखूड दातांची साखळी धक्के देत चालते.

धार लावायला विजेचा दगड वापरणारे कारागीर गावोगावी आहेत. तो घाईने, दाबून चालवला तर दात निळा पडतो. दाताचे पाणी उतरले असे समजावे. मग कितीही धार लावली तरी ती टिकत नाही. घरच्या घरी कानशीने वरचेवर थोडी थोडी धार काढणे स्वस्तही आणि चांगलेही. यंत्रात पेट्रोल भरायला थांबले की दोन हात कानशीचे, ही सवय लावून घ्यावी.

तो छोटा उंचवटा

प्रत्येक दातासमोर एक छोटा उंचवटा असतो. दात लाकडात किती खोल शिरावा हे तो ठरवतो. रंध्याचे पाते जसे किती बाहेर काढायचे ते सुतार ठरवतो, तसेच हे. दाताच्या धारेपेक्षा हा उंचवटा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावा लागतो.

दाताला धार लावली की दात मागे सरकतो आणि थोडा खालीही येतो. उंचवटा मात्र तेवढाच राहतो. तीन-चार वेळा धार लावल्यावर दोघांची उंची जवळपास सारखी होते आणि धार असूनही करवत कापत नाही. "आत्ताच तर धार लावली!" अशी तक्रार येते ती अशा वेळी. मग चपट्या कानशीने उंचवटा थोडा खाली घ्यावा. त्यासाठी खाचेची पोलादी मापपट्टी मिळते. ती साखळीवर ठेवायची आणि तिच्या वर डोकावणारा भागच घासायचा. पुढची कड पुन्हा गोलसर करावी.

अंदाजाने मात्र हे करू नये. उंचवटा फार खाली गेला तर दात लाकडात नको तितका घुसतो, यंत्र हिसके देते आणि हातातून उडू शकते. इथे हात आवरता घेणे हेच शहाणपण.

दात झिजत झिजत त्यावरच्या शेवटच्या खुणेपर्यंत आला, म्हणजे दाताची वरची लांबी साधारण ४ मिलिमीटर उरली, की साखळी बाद करावी. एखादी कडी तडकलेली दिसली तर धार कितीही उत्तम असो, ती साखळी त्याच दिवशी फेकावी.

तेल, बार आणि स्प्रॉकेट

या यंत्राला दोन टाक्या असतात. एकीत पेट्रोल आणि टू-स्ट्रोक तेलाचे मिश्रण, दुसरीत साखळीचे तेल. मिश्रणाचे प्रमाण पुस्तिकेत दिलेले असते. ५० ला १ असेल तर एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल. पेट्रोल भरले की साखळीचे तेलही भरायचेच, असा नियम ठेवावा. पेट्रोल संपले आणि तेल तसेच उरले असेल तर खुशीत येऊ नये. तेलाची वाट तुंबली आहे.

तेल येते का हे पाहण्याची सोपी युक्ती आहे. बारचे टोक जुन्या वर्तमानपत्रापासून वीतभर अंतरावर धरून यंत्र थोडे वेगाने चालवावे. कागदावर तेलाच्या शिंतोड्यांची रेघ उमटली पाहिजे. मोटारीचे काढलेले काळे तेल साखळीला घालण्याची काटकसर मात्र महागात पडते. त्यात धातूचा चुरा असतो, तो पंप आणि बार दोन्ही खातो. शिवाय ते अंगावर उडते.

आठवड्याच्या कामानंतर बार काढावा. खाचेतला भुसा आणि चिकट मळ पातळ पत्र्याच्या पट्टीने खरवडून काढावा. तेल येण्याचे बारीक भोक मोकळे करावे. बारच्या कडांना धारदार कंगोरा आलेला असेल तर तो चपट्या कानशीने काढावा. आणि बार परत बसवताना उलटा करून बसवावा, म्हणजे वरची कड खाली. दोन्ही कडा सारख्या झिजतात आणि बारचे आयुष्य वाढते. टाचा एकाच बाजूला झिजू नयेत म्हणून वहाणा अदलाबदल करता येत नाहीत, पण बारच्या बाबतीत ही सोय आहे!

स्प्रॉकेटवर खोल चरे पडलेले दिसले तर ते बदलावे. दोन साखळ्या झिजल्या की एक स्प्रॉकेट, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. जुन्या स्प्रॉकेटवर नवी साखळी चढवली तर नवीही लवकर जाते.

सुरू करण्यापूर्वी

साखळी नीट झाली, तरी दोन तपासण्या उरतात. पुढच्या हाताच्या समोर जो आडवा पडदा असतो, तो साखळीचा ब्रेक. इंजिन बंद असताना तो पुढे ढकलावा. साखळी हाताने ओढून हलता कामा नये. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर यंत्र क्षणार्धात उसळून चेहऱ्याकडे येते. तेव्हा जीव वाचवतो तो हाच ब्रेक. म्हणून टोकाने कधीही कापू नये आणि यंत्र खांद्याच्या वर उचलून चालवू नये.

दुसरी तपासणी, इंजिन मंद चालत असताना साखळी स्थिर राहिली पाहिजे. ती फिरत असेल तर मंद वेगाचा स्क्रू कमी करून घ्यावा. तरीही थांबली नाही तर यंत्र कारागिराकडे न्यावे.

यंत्र जमिनीवर ठेवून, मागच्या मुठीत पाय रोवून सुरू करावे. हातात लोंबते ठेवून दोरी ओढणे हा मर्दपणा नव्हे. डोळ्यांना चष्मा, डोक्याला हेल्मेट, कानांना बोळे किंवा झाकण, पायात बूट आणि मांड्यांवर जाड संरक्षक कापड हवे. लुंगी आणि स्लीपर घालून चेन सॉ चालवणारे सर्रास दिसतात. हजार रुपयांच्या बुटासाठी आयुष्यभराचा पाय पणाला लावण्यात कोणता हिशेब आहे?

ताणाखाली वाकलेले, विजेच्या तारांवर किंवा घरावर रेललेले झाड मात्र घरच्या माणसाने कापू नये. ते काम जाणत्यांचे. आणि उभे झाड तोडायचे असेल तर परवानगी विसरू नये. महाराष्ट्रात आंबा, फणस, सागासारख्या झाडांसाठी १९६४ चा आणि शहरांतल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे.

पावसाळा संपला की यंत्र तसेच ठेवून देऊ नये. टाकीतले पेट्रोल काढावे, यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे. साखळी आणि बार काढून, पुसून, तेल लावून कोरड्या जागी ठेवावेत. किनाऱ्यावरची खारी हवा पोलादाला आठवड्याभरात गंज आणते. मग मे महिन्यात, पहिला वारा सुटायच्या आत, एकदा सगळे बाहेर काढून पाहावे. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नसतो.

त्या अंगणात पुतण्याने अखेर पाना आणला. बारचे टोक काकांनी उचलून धरले, त्याने स्क्रू फिरवला, नट आवळले. साखळी हाताने फिरवून पाहिली. मग कानस काढून प्रत्येक दाताला तीन-तीन हात. वीस मिनिटे गेली असतील. गोठ्यावरचा माड तोपर्यंत कुठेही पळून गेला नव्हता.

"आता ओढ दोरी," काका म्हणाले आणि मांजराला उचलून ओटीवर घेऊन बसले.